दोनच स्पीकर

नव्या घरात येऊन अकरा दिवस झाले होते आणि अजून चौदा खोकी उघडायची बाकी होती. टीव्ही त्यातल्याच एका खोक्यावर ठेवला होता. त्या खोक्यात कपबश्या होत्या, त्यामुळे घरात सगळे चहा स्टीलच्या पेल्यातून पीत होते आणि बोटं भाजून घेत होते. टीव्ही हलवायचा कुणी, यावर रोज बोलणं व्हायचं आणि रोज ते उद्यावर जायचं.

घरात माणसं तीन. ताई, तिचा नवरा आणि सासूबाई. ताई हे तिचं कामावरचं नाव. ॲम्ब्युलन्सच्या नियंत्रण कक्षात ती अकरा वर्षं फोन घेत होती आणि तिथे तिला सगळे ताईच म्हणत. आठ तास कानाला हेडफोन. पलीकडून कुणी रडतंय, कुणी शिव्या घालतंय, कुणाच्या तोंडून शब्दच फुटत नाहीये. त्यातून पत्ता काढायचा, मजला काढायचा, माणूस श्वास घेतोय का ते विचारायचं. पाळी संपवून ती घरी आली की दारातच चपला काढून मिनिटभर नुसती उभी राहायची. तेवढ्यात आतून टीव्हीचा आवाज अंगावर यायचा.

कारण सासूबाईंना कमी ऐकू यायचं. कानाचं यंत्र होतं, पण ते कपाटाच्या खणात पडून होतं. "कानात मुंगी शिरल्यासारखं होतं," म्हणायच्या आणि टीव्हीचा आवाज चाळीसवर न्यायच्या. एवढं करून कळायचं काहीच नाही. "काय म्हणाली गं ती?" हा प्रश्न दर दोन वाक्यांना ठरलेला. त्यात नव्या घराचा हॉल रिकामा. पडदे नाहीत, सतरंजी नाही, चार उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी. टीव्हीतली बाई एकदा रडली की तिचं रडणं भिंतीवर आपटून तीनदा कानावर यायचं.

आणि नवऱ्याला या हॉलमध्ये होम थिएटर लावायचं होतं.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा. गल्लीत त्याला चष्मेवाले म्हणूनच ओळखायचे. माणूस साधा, कुठलं व्यसन नाही, सिनेमा तेवढा वेड्यासारखा आवडायचा. पण अठरा वर्षं त्यांनी ज्या भाड्याच्या जागेत काढली, तिथे मधली भिंत म्हणजे प्लायवूडचा पडदा होता. पलीकडे घरमालक. आवाज सहाच्या वर गेला की भिंतीवर टकटक. अठरा वर्षं या माणसाने सिनेमे जवळजवळ ओठांवरून वाचले. म्हणून घराचं नक्की झालं त्या दिवसापासून त्याने एक वही केली होती. पाच स्पीकर, एक मोठा धडधड्या, म्हणजे नुसता दणका देणारा डबा, कुठला कुठे ठेवायचा, किती वॅट, कोणाचं काय मत. वहीत हॉलचा नकाशाही होता. नकाशात सोफ्याच्या मागे दोन चौकोन काढले होते.

"हे काय?" ताईने एकदा विचारलं होतं.

"मागचे स्पीकर. समज, सिनेमात पाऊस पडतोय, तर तो आपल्या मागेसुद्धा पडायला हवा."

"सोफाच नाहीये आपल्याकडे."

"सोफा येईल गं."

बजेट एवढंच होतं, की पडदे आणि सोफा आधी घेतले तर स्पीकर राहतील आणि स्पीकर घेतले तर बाकीचं लांबेल. ताईला खरं तर यातलं काहीच नको होतं. तिला आवाज नको होता. पण अठरा वर्षं मन मारलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सुट्टीच्या दिवशी तिघं मोठ्या शोरूममध्ये गेली. सासूबाईंना घरी एकटं ठेवायचं नव्हतं, आणि "मी बघणार नाही तर कोण बघणार, दिवसभर टीव्हीसमोर मीच असते," हे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

शोरूमच्या आतल्या खोलीत काळ्या भिंती होत्या आणि मऊ खुर्च्या. विक्रेता तरतरीत होता, सूटबिट घातलेला. त्याने तिघांना बसवलं, दिवे मालवले आणि म्हणाला, "फक्त अनुभवा."

पडद्यावर एक पूल उडाला. खुर्ची हादरली. सासूबाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली. गाड्या डावीकडून उजवीकडे गेल्या, गोळ्या डोक्यावरून गेल्या, आणि नवऱ्याचा चेहरा ताईने पाहिला तर तो लहान मुलासारखा फुलला होता. मग गोंगाट थांबला आणि ताईच्या उजव्या कानामागे कुणीतरी धापा टाकायला लागलं. अगदी जवळून. मग कुत्रं भुंकलं आणि एक माणूस मागून ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही.

ताई उठली. अंधारात तिचा पाय कशाला तरी लागला. दार चाचपून ती बाहेर आली आणि शोरूमच्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

दहा मिनिटांनी नवरा बाहेर आला. मागून पदर सावरत सासूबाई.

"अगं, झालं काय तुला?"

"काही नाही. डोकं दुखलं."

"तो बिचारा सगळं लावून दाखवत होता. आपण असं उठून गेलो की कसं दिसतं?"

"तुम्ही बघा ना. मी कुठे नको म्हणतेय?"

"नको म्हणत नाहीस, पण तुझ्या तोंडावर लिहिलेलं असतं." त्याचा आवाज चढला. "गेले दोन महिने बघतोय. काही बोलायला जावं तर डोकं दुखतं. घर झालं, त्याचासुद्धा तुला आनंद नाही."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. "रिक्षा बघा," ती म्हणाली.

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "मला तर त्या सिनेमातलं अक्षरही कळलं नाही. नुसत्या कानठळ्या. याला म्हणे एवढे पैसे."

त्या आठवड्यात घरात फारसं कुणी बोललं नाही. आणखी दोन खोकी उघडली गेली. एकात जुने मोजे निघाले.

मग चष्मेवाल्याच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ काच बदलायला आले. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि सगळे त्यांना रेडिओकाका म्हणत. बोलता बोलता स्पीकरचा विषय निघाला. काका म्हणाले, "जुनी, दुरुस्त केलेली जोडी आहे माझ्याकडे. दोन-तीन जोड्या आहेत. घ्यायलाच पाहिजे असं नाही, ऐकून जा. घरच्यांना घेऊन या, कान सगळ्यांचे सारखे नसतात."

ताई जायला तयार झाली ती केवळ भांडण संपावं म्हणून.

काकांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. टेबलावर उघडे पडलेले रेडिओ, भिंतीला टांगलेल्या तारांची भेंडोळी, आणि एका फळीवर स्पीकरच्या तीन जोड्या. काकांनी तिघांना लाकडी स्टुलावर बसवलं आणि कागद-पेन्सिल न घेता विचारलं, "घरात टीव्हीवर काय बघता?"

"सिनेमे," नवरा म्हणाला.

"मालिका," सासूबाई म्हणाल्या. काकांचे ओठ त्यांना नीट दिसत होते.

"आणि तुम्ही?" काकांनी ताईला विचारलं.

"मी काही बघत नाही. मी ऐकते. दिवसभर." मग तिने आपलं काम सांगितलं.

काकांनी फळीकडे हात केला. "मग तुम्हीच निवडा की. या घरात सगळ्यात तयार कान तुमचा."

नवऱ्याने वही उघडली होती. ती त्याच्या मांडीवर तशीच राहिली.

काकांनी पहिल्या जोडीवर गाणं लावलं. ताईने हात केला. "गाणं नको काका. गाणं कशावरही बरं लागतं. माणूस बोलताना ऐकवा."

"कोण माणूस?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुमच्या फोनवर रेकॉर्ड करा. मी सांगते ते शब्द. नेहमीसारखं बोला, वाचल्यासारखं नको."

"काय बोलू?"

"सात. साठ. आठ."

तो बोलला. त्याला जरा हसू आलं.

"एकोणीस. एकोणतीस. पंचवीस, पस्तीस. शुद्धीत आहे. शुद्धीत नाही." ती थांबली. "मधली. मागली."

"मधली, मागली," नवरा फोनमध्ये म्हणाला.

काकांनी फोन जोडला. ताईने सासूबाईंचं स्टूल उचलून स्पीकरकडे पाठ करून ठेवलं आणि त्यांच्या समोर उकिडवी बसली. सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाली, "आई, मागून आवाज येईल. जे ऐकू येईल ते म्हणा. नाही कळलं तर नाही म्हणा. अंदाज करायचा नाही."

"परीक्षा आहे का काय?"

"हो, परीक्षाच आहे."

पहिली जोडी सगळ्यात देखणी होती, चकचकीत, काळ्या काचेची. त्यावर नवऱ्याचा आवाज भारदस्त आला, एखाद्या पुढाऱ्यासारखा. तो स्वतःच खूश झाला. पण सासूबाईंनी सातला साठ म्हटलं, साठलाही साठ म्हटलं आणि पुढे वैतागून म्हणाल्या, "हा पिंपात बसून का बोलतोय?"

दुसऱ्या जोडीवर निम्मं जमलं. तिसरी जोडी जुनाट होती, लाकडी पेट्या, एका पेटीचा कोपरा उडालेला. काकांनी आवाज अगदी बेताचा ठेवला.

"सात," सासूबाई म्हणाल्या. "साठ. आठ." मग त्यांची मान जरा तिरकी झाली. "एकोणीस. एकोणतीस. पंचवीस. पस्तीस. शुद्धीत आहे. शुद्धीत नाही." त्या थांबल्या. "मधली. मागली."

सासूबाई वळल्या. "हा माझा मुलगा बोलतोय ना? आज सर्दी झालीये वाटतं त्याला."

सर्दी त्याला खरोखरच झाली होती, कालपासून. घरात कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात," काका म्हणाले. "लोक स्फोट ऐकून स्पीकर घेतात. असं कुणी घेतलं नव्हतं. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज असं वाटतं माणसाला."

"उलटं असतं," ताई म्हणाली. "ओरडला माणूस की शब्द फाटतात. आम्ही आधी त्याला हळू बोलायला लावतो."

जोडी तीच ठरली. बरोबर एक छोटा ॲम्प्लिफायर. देताना काकांनी बजावलं, "कोपऱ्यात कोंबू नका. बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ठेवा. आणि खाली काहीतरी अंथरा, समोर पडदा लावा. रिकाम्या खोलीत सोन्याचे स्पीकर लावले तरी आवाज विस्कटणारच."

जोडी स्वस्तात पडली होती, म्हणजे पडद्यांनाही पैसे उरत होते. पण नवऱ्याची वही खिशात गेली होती. पाचातले दोनच आले होते. धडधड्या नाही, मागचे नाहीत.

फुटपाथवर पेट्या ठेवून तिघं रिक्षाची वाट बघत उभी राहिली. दुपार उतरली होती. येणाऱ्या रिक्षा भरलेल्या होत्या. सासूबाई एका पेटीवरच बसल्या.

बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, "मधली, मागली. ते कशाला म्हणायला लावलंस? बाकीचं समजलं मला."

ताई रस्त्याकडे बघत म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी एक फोन आला होता. बायको न्हाणीघरात पडली म्हणून. नवराच बोलत होता. फोन त्याने लांब कुठेतरी ठेवलेला, कुत्रं भुंकतंय, तो धावतोय आणि लांबून ओरडतोय. तो म्हणाला मागली गल्ली. मी टाइप केलं मधली."

नवरा तिच्याकडे वळला.

"परत विचारलं मी. तो अजून जोरात ओरडला. मला परत मधलीच ऐकू आलं. गाडी मधल्या गल्लीत नऊ मिनिटं उभी होती. ड्रायव्हर दारं वाजवत फिरत होता."

"ती बाई?"

"हॉस्पिटलात पोचली तेव्हा जिवंत होती. त्यापुढचं आम्हाला कळवत नाहीत." तिने पदराने मान पुसली. "साहेबांनी चौकशी केली. रेकॉर्डिंग चौघांना ऐकवलं. दोघांना मधली ऐकू आलं, दोघांना मागली. मला लिहून दिलं, चूक नाही म्हणून. सही-शिक्क्यासकट."

"मग झालं तर."

"झालं ना. सगळं झालं." तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "तेव्हापासून मी प्रत्येकाला पत्ता तीनदा विचारते. लोक शिव्या देतात. घरी येते तर टीव्ही ओरडत असतो, आणि त्यातलं कुणी काय बोलतंय ते मला कळत नाही, तरी डोकं ते लावत बसतं. थांबतच नाही. त्या दिवशी त्या काळ्या खोलीत मागे कुत्रं भुंकलं."

नवऱ्याने हातातली ॲम्प्लिफायरची पिशवी खाली ठेवली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घराच्या कागदांच्या मागे होतात. खोकी भरायची होती. कधी सांगणार?"

"काय म्हणतेय ती?" पेटीवरून सासूबाईंनी विचारलं.

नवरा आईजवळ वाकला आणि सगळं सांगू लागला. रहदारीत एकदा सांगून कळेना, म्हणून दुसऱ्यांदा, ओठ समोर धरून. भर रस्त्यात तो "गाडी चुकीच्या गल्लीत गेली" असं म्हणत होता आणि जाणारे-येणारे वळून बघत होते. ताईला एकदम हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यावर रडू झालं. तिने तोंड फिरवलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सुनेचा हात धरून तिला खाली ओढलं, दुसऱ्या पेटीवर बसवलं. "मी रोज किती वेळा चुकीचं ऐकते," त्या म्हणाल्या. "तू तर भर गोंधळात ऐकतेस." त्यांनी हात सोडला नाही. रिक्षा आली तरी.

स्पीकर लावायला पुढचा रविवार उजाडला. कपबश्यांचं खोकं अखेर रिकामं झालं, टीव्ही लाकडी फळीवर गेला, स्वस्तातले जाड पडदे लागले आणि जुन्या दोन चादरी एकावर एक घालून फरशीवर पसरल्या. नवऱ्याने काचा बसवताना वापरायची मोजपट्टी आणून दोन्ही पेट्या भिंतीपासून सारख्या अंतरावर ठेवल्या. कोपरा उडालेली पेटी खिडकीकडे.

सासूबाईंची मालिका लागली. आवाज चौदावर. त्या अर्धा तास हूं की चूं न करता बघत बसल्या. प्रश्न एकही नाही. संपल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं आई? ऐकू नाही आलं?"

"सगळं आलं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं ती मोठी सून काहीतरी शहाणपणाचं बोलते. बावळट आहे गं ती."

ताईचं काम काही सोपं झालं नाही. ती अजूनही पत्ता तीनदा विचारत होती, हेडफोन काढल्यावरही कानात गुंई करत होतं. पण आता सकाळच्या पाळीवरून आल्यावर ती आतल्या खोलीत आडवी पडायची आणि हॉलमधून बोलण्याचा आवाज यायचा तो माणसांच्या बोलण्यासारखा. लक्ष दिलं तर कळायचा, म्हणून लक्ष द्यावं लागायचं नाही. कधी कधी डोळा लागायचा.

नवऱ्याने आपला सिनेमा पहिल्यांदा लावला तो एका सुट्टीच्या दुपारी. सासूबाई जेवून आत झोपल्या होत्या. सोफा अजून आलाच नव्हता. दोघं भिंतीला उशा लावून चादरीवर बसली. पडद्यावर पाऊस पडायला लागला. समोर पडत होता, छान पडत होता, पण समोरच.

"पाच असते तर मागेही पडला असता," तो म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. खोटं समाधान करायची ताकद तिच्यात नव्हती आणि तिने ते केलंही नाही.

तो हसला. "चल, एवढा तरी पडतोय."

त्यानंतरचं तिला आठवत नव्हतं. जाग आली तेव्हा मान अवघडली होती आणि खिडकीच्या पडद्यामागे ऊन पिवळं झालं होतं. टीव्ही बंद होता. नवरा पाय लांब करून पेपर वाचत बसला होता, पान उलटताना आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी धरून.

"संपला का?"

"नाही. तू झोपलीस म्हणून बंद केला. उद्या बघू."

"उद्या दुपारची पाळी आहे माझी."

"मग परवा."

"परवा तुमचं दुकान."

"बघू कधीतरी," तो म्हणाला आणि पेपराचं अर्धं पान तिच्याकडे सरकवलं. ताईने ते घेतलं, वाचलं मात्र नाही. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. चहा टाकायला दोघांपैकी एकाला उठायला हवं होतं.